उजवा पट्टा

क्लायपेडात डिसेंबरमध्ये साडेतीनलाच दिवे लागतात.
डोविले चष्मा कपाळावर सरकवून
तिसऱ्यांदा वाचते तोच निरोप :
"अ‍ॅकॉर्डियन घेतो. पैसे भरले. कुताईसीला पाठवा.
आभारी, तैमुराज."
नावापुढे कंसात शून्य.
खातं उघडून दोन दिवस.
फोटोच्या जागी राखाडी डोकं, राखाडी खांदे,
कुणाचेही असू शकतील असे.

तिच्या नावापुढे दोनशे बारा.
सगळे गोड, एक सोडून.
तो कॅमेऱ्याचा. "खोकं रिकामं आलं,"
एवढंच लिहिलं माल्मोच्या माणसाने
आणि आलेले पैसे आल्या वाटेने गेले.
त्याच्या नावापुढे नव्वद होते,
हे ती कुणाला सांगत नाही.

खालची गेनोवैते धुरावलेला मासा द्यायला आली
ती उभ्या उभ्या निकाल देऊन गेली :
"शून्यवाल्याला मी रद्दीसुद्धा विकणार नाही."
जावयाने फोनवर विचारलं, कुताईसी कुठे आलं?
आणि उत्तर न ऐकताच म्हणाला, नको.

बाबा बंदरावर क्रेन चालवायचे.
रविवारी हे काळं धूड छातीशी घ्यायचे,
दोन्ही खांद्यांवर पट्टे चढवून, हनुवटी वर टेकवून.
भाता उघडला की आधी सूर नाही,
श्वास यायचा.
त्याची किंमत तिने सहाशे चाळीस युरो लावली आहे.
आणि या माणसाने घासाघीस केली नाही.
हेच खटकतं.
केली असती तर तेही खटकलं असतं.

शेवटी पाठवायचं ठरवते. ठरवते म्हणजे
एकशे वीस बटणांचे फोटो काढते,
भात्याच्या आतल्या घडीत
नेलपॉलिशचा लाल ठिपका देते
(उद्या भलतंच वाद्य परत आलं तर ओळख पटावी),
मग आईच्या लोकरी शालीत गुंडाळते,
कोपऱ्यांत बाबांचेच चार मोजे कोंबते
आणि झाकण लावता लावता
उजवा पट्टा काढून घेते.
माणूस खरा निघाला तर देऊ मागाहून.
दुधाने तोंड पोळलंय,
ताक फुंकलं तर कुणाचं काय गेलं?

अकरा किलो तीनशे. पावती.
विल्नियस. वॉर्सा.
मग सहा दिवस कुठेच नाही.
मग एका सकाळी : पोहोचलं.
त्यानंतर चार दिवस काहीच नाही,
आणि ती बँकेचं पान उघडते, मिटते, उघडते.

पाचव्या दिवशी :
"बाई, वाद्य सुखरूप आलं. भाता अजून घट्ट आहे.
एक पट्टा तेवढा सापडला नाही.
खोक्यात पाहिलं, शालीत, मोज्यांतही.
कस्टमवाल्यांनी उघडलं तेव्हा पडला असावा.
तुम्हाला हळहळ वाटेल, पण वाटून घेऊ नका,
भावाने जुन्या कमरपट्ट्याचा एक शिवून दिलाय.
भात्यात लाल ठिपका आहे, तो कशाचा?
वडिलांनी सूर लावताना केला असेल, म्हणून पुसला नाही.
शाल धुऊन परत पाठवू का?"

खाली पाच तारे. "विश्वासू विक्रेती."
तिचे दोनशे तेरा झाले.

पट्टा स्वयंपाकघरातल्या खणात आहे,
मेणबत्त्या आणि बिघडलेल्या थर्मामीटरच्या मध्ये.
खांद्याच्या जागी चामडं काळं पडलेलं,
घामाने गुळगुळीत.
ती तो उगाच गळ्यात अडकवून पाहते.
वजन काहीच नाही.

सकाळी पोस्टाच्या खिडकीपाशी फॉर्म भरते.
वस्तू : चामडी पट्टा, एक, वापरलेला.
किंमत : इथे ती थांबते, मग शून्य लिहिते.
पाठवण्याचं कारण :
भेट, विक्री, परतावा, नमुना, इतर.
मागे रांग वाढतेय, कुणीतरी खोकतं.
ती "इतर"वर खूण करते.
त्याच्यापुढे, स्पष्टीकरणासाठी,
छापणाऱ्यांनी एक ओळ मोकळी सोडली आहे.